उणे ऐंशीतले विरजण

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की आपल्याकडे पहिले पान जवळजवळ छापूनच आलेले असते. मुहूर्त, कोनशिला, देणगीदार, भाड्याच्या दोन खोल्या, मग स्वतःची वास्तू आणि तिचा दर्शनी भागाचा फोटो. या स्मरणिकेसाठी माझ्या वाट्याला आलेल्या संस्थेला हे पान लागू पडत नाही. तिथे बघण्यासारखे म्हणाल तर उभ्या कपाटांसारखे फ्रीजर. आत उणे ८० अंश सेल्सिअस तापमान, दार उघडले की पायांवर थंड धुक्याचा लोट. आत प्लास्टिकच्या चपट्या प्लेटी एकीवर एक रचलेल्या असतात, प्लेटींत गोठलेले जिवाणू आणि प्रत्येक जिवाणूच्या पोटात कुठल्या तरी पिकाच्या डीएनएचा एक तुकडा. भाताचा, मक्याचा, जवाचा, पीचचा.

संस्था दोन ठिकाणची, पण घराणे एकच. थोरली पाती साउथ कॅरोलायना राज्यातल्या क्लेम्सन विद्यापीठाची. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे जीनोमिक्स इन्स्टिट्यूट उभे राहिले आणि त्याच्या पोटात रिसोर्स सेंटर. धाकटी पाती ॲरिझोना विद्यापीठाची, टूसॉन शहरातली, २००२ सालची. काम दोन्हीकडे तेच. पिकांच्या डीएनएच्या लायब्रऱ्या करायच्या, जपायच्या, आणि मागेल त्याला खर्चापुरते पैसे घेऊन त्यातला हवा तो तुकडा किंवा अख्खी लायब्ररी पाठवायची.

मूळ मात्र दोन्ही गावांत नाही. ते टेक्सासात आहे आणि ज्वारीत आहे. मंगळवेढ्याच्या वाचकाने इथे थोडे ताठ बसायला हरकत नाही.

त्या काळात मोठा डीएनए सांभाळायचा तर यीस्टचा आधार घेत. १९८७ मध्ये निघालेली ही पद्धत दिसायला भव्य होती, पण भारी कटकटीची. दोन वेगळ्या ठिकाणचे तुकडे एकाच यीस्टमध्ये सांधले जात आणि संशोधकाला महिनोन्महिने चुकीच्या रस्त्याने चालवत. शिवाय यीस्टमधून तो डीएनए वेगळा काढायचा तर हाती येई चिमूटभर. १९९२ मध्ये कॅल्टेकमध्ये हिरोआकी शिझुया, मेल्विन सायमन आणि सहकाऱ्यांनी दुसरी वाट काढली. ई. कोलाय या आपल्या आतड्यातल्या जिवाणूत एफ-फॅक्टर नावाचे डीएनएचे एक कडे असते आणि पेशीत त्याच्या एक-दोनच प्रती राहतात. त्या कड्यात परका डीएनए जोडला की जिवाणू त्याला आपलेच गुणसूत्र समजून सांभाळतो. याचे नाव बॅक्टेरियल आर्टिफिशियल क्रोमोसोम, पण प्रयोगशाळेत कोणी एवढे लांब बोलत नाही. ‘बॅक’ म्हणतात.

वनस्पतींना हे चालेल का? टेक्सास ए अँड एम विद्यापीठात रॉड विंग यांच्या गटाने ते ज्वारीवर करून पाहिले आणि १९९४ मध्ये १३,४४० क्लोनांची, म्हणजे एकेक तुकडा पोटात बाळगणाऱ्या जिवाणूंची, लायब्ररी प्रसिद्ध केली. तुकड्याची सरासरी लांबी डीएनएची १५७ हजार अक्षरे होती. सर्वांत लांब तुकडे ३१५ हजारांपर्यंत गेले. जिवाणूंच्या शंभराहून अधिक पिढ्या वाढवल्या तरी आतला ज्वारीचा डीएनए जसाच्या तसा होता आणि दहा क्लोन गुणसूत्रांवर ताडून पाहिले तर एकही सांधलेला निघाला नाही. ज्वारीच का? तिचा जीनोम मक्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे आटोपशीर, आणि मका तिचा जवळचा भाऊबंद. ज्वारीत सापडलेली वाट मक्यातही नेता येणार होती. विंग पुढे क्लेम्सनला गेले आणि ही विद्या तिकडे गेली.

लायब्ररी हा शब्द इथे जरा फसवा आहे. वाचनालयात पुस्तके सलग असतात, पाठीवर नाव असते, ग्रंथपालाला कपाट माहीत असते. इथली लायब्ररी म्हणजे एका मोठ्या पोथीच्या दहा-बारा प्रती घेऊन प्रत्येक प्रत वेगवेगळ्या ठिकाणी फाडायची आणि सगळे तुकडे एका पोत्यात मिसळून क्रमांक न बघता डब्यांत भरायचे. हा वेडेपणा वाटेल, पण त्यातच तिची युक्ती आहे. प्रत्येक प्रत निराळ्या जागी फाटल्यामुळे एका तुकड्याचा शेवट दुसऱ्याच्या मध्यात सापडतो आणि तुकडे एकमेकांवर ठेवत गेले की पोथी पुन्हा लागते. एकाच प्रतीइतके तुकडे ठेवले तर हिशेबाने जवळजवळ ३७ टक्के मजकूर हाती लागतच नाही. म्हणून दहापट, पंधरापट भरायचे.

फाडण्याची रीतही नाजूक. पाण्यात डीएनए मीठ घातल्यासारखा विरघळवला तर नुसत्या ढवळण्याने त्याचे तुकडे होतात, कारण रेणू लांब आणि भलताच बारीक. म्हणून कोवळी पाने द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून कुटतात, पेशींची केंद्रके वेगळी करतात आणि ती कोमट अगारोजमध्ये मिसळून त्याच्या चिमुकल्या वड्या थापतात. खरवसाच्या वडीसारख्या, थोड्या पारदर्शक. पुढचे सगळे सोपस्कार त्या वडीच्या आतच. साबणाने पेशीचा कचरा धुणे, प्रथिने पचवणे आणि मग कात्री लावणे. कात्री म्हणजे हिंड-थ्री किंवा इको-आर-वन अशी विकरे. ती ठराविक सहा अक्षरे दिसली की कापतात. त्यांना पुरते कापू द्यायचे नाही, अर्ध्यावर थांबवायचे. किती वेळ, किती विकर, हे प्रत्येक पिकाचे वेगळे. हात बसलेला माणूस ते जेलकडे पाहून सांगतो. मग आकाराने मोठे तुकडे निवडायचे, बॅकच्या कड्यात जोडायचे, विजेचा झटका देऊन जिवाणूत घालायचे आणि क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक घातलेल्या अगारवर पसरायचे. ज्यांच्या पोटात कडे गेले तेच जगतात. त्यातही निळ्या वसाहती रिकाम्या कड्याच्या आणि पांढऱ्या कामाच्या. पांढऱ्या तेवढ्या यंत्रमानव टोचून उचलतो.

उचलून ठेवतो कशात? ३८४ खळग्यांच्या प्लेटीत. तळहातापेक्षा थोडी मोठी, १६ ओळी, २४ स्तंभ. खळग्यात वरणाच्या पळीचा एक थेंब मावेल एवढी जागा, त्यात अन्नरस आणि गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून ग्लिसरॉल. ओळींना ए ते पी अक्षरे, स्तंभांना आकडे. क्लोनला नाव नसते, पत्ता असतो: अमुक लायब्ररी, अमुक प्लेट, ओळ बी, स्तंभ २१. एवढे सांगितले की जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत तोच तुकडा हजर. निदान असायला हवा. प्लेटीचा एक कोपरा मुद्दाम कापलेला असतो, तो उलटसुलट कळावे म्हणून. त्याचे महत्त्व मी एकदा स्वतः प्लेट उलटी धरून शिकलो. ए-१ च्या जागी पी-२४ उचलला आणि तीन आठवडे भलत्याच डीएनएच्या मागे धावलो. तीन आठवड्यांनी कोणी ओरडले नाही. सगळे हसले, कारण प्रत्येकाने ते कधी ना कधी केलेले होते.

क्लेम्सनचे नाव झाले ते भातामुळे. १९९७ मध्ये सिंगापूरला जमलेल्या शास्त्रज्ञांनी ठरवले की भाताचा जीनोम सगळ्यांनी मिळून वाचायचा. वाण एकच, जपानचा निप्पोनबारे. बारा गुणसूत्रे देशादेशांत वाटून घ्यायची, लायब्रऱ्या सामाईक वापरायच्या आणि वाचलेले उघड करायचे. अखेरीस दहा देश त्यात होते. वाटून घ्यायचे म्हणजे सगळ्यांच्या हातात तेच तुकडे हवेत, आणि इथे क्लेम्सनच्या दोन लायब्रऱ्या कामी आल्या. हिंड-थ्रीने कापलेली ३६,८६४ क्लोनांची, सरासरी तुकडा १२९ हजार अक्षरांचा. इको-आर-वनने कापलेली ५५,२९६ क्लोनांची, सरासरी १२१ हजारांचा. दोन कात्र्या यासाठी की एका कात्रीची खूण जिथे विरळ, तिथे त्या लायब्ररीत भोक पडते. दुसरी कात्री ते भोक बुजवते. भाताचा जीनोम यात सव्वीसेक वेळा भरलेला होता.

आकडे मोठे वाटतात, पण सामान बघा. ३६,८६४ म्हणजे बरोबर ९६ प्लेटी आणि ५५,२९६ म्हणजे १४४. अख्खा भात २४० प्लेटींत, एका फ्रीजरच्या काही फळ्यांवर. याउलट त्याच संस्थेने केलेली जवाची लायब्ररी. जवाचा जीनोम भाताच्या बारापट मोठा, म्हणून क्लोन ३,१३,३४४ आणि प्लेटी ८१६. एवढे करून तो जेमतेम सहा वेळा भरला. ही कामे अनुदानाच्या अहवालात एका ओळीत उरकली जातात. ८१६ प्लेटींची प्रत काढणाऱ्याच्या खांद्यांची नोंद कुठल्या शोधनिबंधात मी वाचलेली नाही.

मागणी करणाऱ्याला बहुधा सगळ्या प्लेटी नको असत. त्याला आपले जनुक कुठल्या खळग्यात आहे एवढेच हवे असे. त्यासाठी सेंटर फिल्टर विकत असे. साडेबावीस सेंटिमीटर चौरसाच्या एका नायलॉनच्या कापडावर यंत्राने ४८ प्लेटींतले १८,४३२ क्लोन टोचायचे आणि तेही प्रत्येकी दोनदा. म्हणजे रुमालाएवढ्या कापडावर ३६,८६४ ठिपके. दोनदा का? किरणोत्सारी खूण लावलेले जनुक त्या कापडावर सोडले की जुळणारे ठिपके फिल्मवर काळे उमटतात. एकच काळा ठिपका धुळीचाही असू शकतो, पण ठरलेल्या कोनात दोन उमटले तर तो क्लोनच. त्या दोन ठिपक्यांचा कोन कुठल्या प्लेटीचा ते सांगतो. भाताच्या पहिल्या लायब्ररीला असे दोन रुमाल पुरत, दुसरीला तीन. अंधाऱ्या खोलीत ओली फिल्म दिव्यासमोर धरून ठिपक्यांच्या जोड्या शोधणे हे एका पिढीचे काम होते. ज्यांनी ते केले आहे त्यांना पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींविषयी थोडी आपुलकी वाटते.

सेंटरने आणखी एक गोष्ट केली. या क्लोनांची दोन्ही टोके वाचून ठेवली आणि जाहीर केली. २००० मध्ये अशी सुमारे ७३ हजार टोके प्रसिद्ध झाली होती. शिवाय प्रत्येक क्लोन कापून त्याच्या पट्ट्यांचा ठसा घेतला आणि ठसे जुळवून क्लोनांच्या साखळ्या लावल्या. ठसे जुळवणारा एफपीसी हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कॅरॉल सॉडरलुंड याही क्लेम्सनला आल्या होत्या. आता टोक्योतल्या किंवा दिल्लीतल्या गटाला एक बॅक वाचून झाला की पुढचा कुठला घ्यायचा हे संगणकावर दिसे, कारण ज्याचे टोक आपल्या तुकड्याच्या अगदी शेवटाला जुळते तोच पुढचा. मागवायचा तो पत्त्याने, ओळ आणि स्तंभ लिहून.

दिल्लीचे नाव उगाच घेतलेले नाही. भारत या कामात २००० मध्ये सामील झाला. दिल्ली विद्यापीठाचा साउथ कॅम्पस आणि पुसा इथले वनस्पती जैवतंत्रज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र यांनी अकराव्या गुणसूत्राच्या लांब बाहूचा एक भाग वाचला. अखिलेश त्यागी आणि नागेंद्र सिंग यांचे गट त्यात होते. अकरावे गुणसूत्र वाट्याला आले हे मला नेहमी सूचक वाटत आले आहे, कारण रोगप्रतिकाराची जनुके अकराव्या आणि बाराव्या गुणसूत्रांवर दाटीने आहेत. कोकणातल्या शेतकऱ्याला करपा काय ते सांगावे लागत नाही. पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके, मग मान काळी पडून लोंबी पोकळ. करप्याला तोंड देणारे एक जनुक पुसामधल्याच गटाने २००५ मध्ये वेगळे काढले, ते याच अकराव्या गुणसूत्रावरचे.

गंमत अशी की क्लेम्सनच्या फ्रीजरमध्ये भातासोबत करपाही होता. त्या बुरशीवर काम करणारे राल्फ डीन तेव्हा तिथेच होते आणि १९९७ मध्ये विंग यांच्यासह त्यांनी करप्याच्या बुरशीची बॅक लायब्ररी केली होती. शेतात एकमेकांच्या जिवावर उठलेले दोघे इथे शेजारच्या फळ्यांवर, दोघेही ई. कोलायच्या पोटात.

ऑगस्ट २००५ मध्ये भाताचा जीनोम प्रसिद्ध झाला. ३८९ दशलक्ष अक्षरांपैकी ३७० दशलक्ष वाचून झालेली. तोवर विंग ॲरिझोनाला जाऊन तीन वर्षे झाली होती.

संस्थापक गेला की आपल्याकडच्या संस्थांचे काय होते ते वाचक जाणतात. कपाटाच्या किल्ल्यांवरून कोर्टकचेरी होते. इथे तसे झाल्याचे दिसत नाही आणि त्याचे कारण माणसांच्या थोरवीत शोधण्याची गरज नाही. ते मालाच्या स्वभावात आहे. विरजणाची वाटणी कशी होणार? शेजारणीला चमचाभर विरजण दिले म्हणून आपले दही कमी होत नाही, आणि आपले नासले तर तिच्याकडून चमचाभर परत आणता येते. लायब्ररीचे तसेच आहे. प्लेटीवर ३८४ सुयांचा ठोकळा टेकवायचा, तो नव्या अन्नरसात बुडवायचा, रात्रभर ३७ अंशांना ठेवायचे, सकाळी दुसरी प्लेट तयार. क्लेम्सनचे सेंटर चालत राहिले आणि टूसॉनला दुसरे सुरू झाले.

टूसॉनने भाताच्या सग्यासोयऱ्यांना हात घातला. ओरायझा या कुळात पेरायचे भात दोनच, एक आशियातले आणि एक आफ्रिकेतले. बाकी सगळे रानटी. या कुळातले आफ्रिकेचे पेरायचे भात आणि अकरा रानभात अशा बारा जातींच्या बॅक लायब्रऱ्या तिथे झाल्या आणि २००६ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. कुळातले दहाही जीनोम-प्रकार त्यात आले. यादी वाचताना आपल्याकडची माणसे भेटतात. सह्याद्रीच्या सावलीत वाढणारे ग्रॅन्युलाटा. खाडीच्या खाऱ्या चिखलात उभे राहून पानांतून मीठ बाहेर टाकणारे कोआर्क्टाटा. आणि तळ्याच्या काठी आपोआप उगवणारे रूफिपोगॉन, ज्याच्या घराण्यातले देवभात ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे न खाणाऱ्या बायका शोधून आणतात. नांगर न लागलेला तो दाणा वाळवंटातल्या एका शहरात उणे ऐंशीला आहे, हे मला या इतिहासातले सर्वांत विलक्षण दृश्य वाटते.

मक्याचे काम त्याहून अवजड. त्याच्या साखळ्या लावण्यात टूसॉनचा मोठा वाटा होता, आणि २००९ मध्ये जो मका प्रसिद्ध झाला तो १६,८४८ बॅक एकापुढे एक मांडून वाचलेला होता. त्याच वर्षी ज्वारीचाही जीनोम आला, आणि तो बॅक न मांडता, सगळा जीनोम एकदम बारीक तुकडे करून संगणकाने जोडलेला. ज्या पिकावर ही पद्धत वनस्पतींत रुजली त्याच पिकाने तिच्यावाचून भागते हे दाखवले. पुढे लांब पल्ल्याचे वाचन करणारी यंत्रे आली. शेकडो हजार अक्षरे सलग वाचता येऊ लागली, तेव्हा पोथी फाडून डब्यांत भरण्याची गरज आणखी घटली. रुमालांची मागणी तर केव्हाच ओसरली.

फ्रीजर मात्र वीज खातच राहतो. कॉम्प्रेसर मधूनच बंद पडतो, गजर वाजतो, रात्री कोणीतरी उठून जातो. आणि सर्वांत भीती टी-१ या फाजची, जिवाणू खाणाऱ्या विषाणूची. इतर फाज वाळले की निकामी होतात, पण हा वाळून धुळीत पडून राहतो आणि पुन्हा ओल मिळाली की कामाला लागतो. एका प्लेटीतून दुसरीत, सुयांच्या ठोकळ्यावरून तिसरीत. सकाळी बघावे तर गढूळ खळग्यांच्या जागी स्वच्छ पाणी. म्हणून पुढच्या लायब्रऱ्या टी-१ ला दाद न देणाऱ्या जिवाणूत करू लागले, मूळ प्रतीला शक्यतो हात लावायचा नाही असा शिरस्ता पडला आणि वाटपाला वेगळी प्रत ठेवण्याची रीत आली. आमच्या घरी विरजणाचा एक सट आजी कोणालाच देत नसे. त्याची आठवण येते.

वाचून झालेल्या पोथीचे तुकडे कशाला ठेवायचे, हा प्रश्न अनुदान देणारे विचारतात आणि तो अडाणी नाही. त्याला माझे उत्तर एवढेच की संगणकातली अक्षरे गुणसूत्रावर चिकटवून चमकवता येत नाहीत, दुसऱ्या रोपात घालता येत नाहीत आणि त्यांत शंका आली तर ती अक्षरांनाच विचारता येत नाही. क्लोनला विचारता येते. सगळे ठेवावे असे मात्र मी म्हणणार नाही. ज्यांचा पत्ता वीस वर्षांत कोणी विचारला नाही अशा काही लायब्रऱ्यांचा निरोप घ्यायला हवा. कुठल्या, हे ठरवायला जी माणसे लागतात ती निवृत्त होत आहेत.

क्लोन येतो तो अगदी साध्या वेषात. छोट्या कुपीत अगार, त्यात सुई खुपसून जिवाणू पेरलेला, बाहेरून एक पांढुरकी रेघ दिसते. झाकणावर बारीक अक्षरांत पत्ता. कुपी आली की बसल्या बसल्या उघडायची नाही. क्लोरॅम्फेनिकॉल घातलेली अगारची बशी आधी तयार ठेवायची, तारेने रेघ ओढायची, रात्रभर उबेला ठेवायची. सकाळी उठलेल्या वसाहतींतली एकच नव्हे, वेगवेगळ्या तीन-चार उचलायच्या, त्यांचा डीएनए कापून ठसे ताडून बघायचे, कारण खळग्यात शेजारचा पाहुणा शिरलेला असू शकतो. जुळले की त्यात ग्लिसरॉल घालून आपली प्रत आपल्या फ्रीजरमध्ये. मग ओळ आणि स्तंभ वहीत पेनाने लिहायचे, पेन्सिलीने नव्हे.